शाफ्टवरचा पिवळा ठिपका

गेल्या महिन्यात कोरेगावकडच्या एका आप्पांची २०१३ ची जॅग्वार एक्सएफ डिझेल आमच्या सातारा एमआयडीसीतल्या गॅरेजला आली. तक्रार एकच, "ऐंशीला गेली की बुडाखाली घुमतंय बघ, सीट थरथरतीय." दोनदा व्हील बॅलन्सिंग झालेलं, अलाइनमेंट झालेलं, मागचे दोन टायर नवीन टाकलेले, फरक शून्य.

आप्पांना शेजारी बसवलं आणि शेंद्रेपर्यंत गाडी काढली. ८० ला सुरू झालंच. पुढंमागं कोण नाही बघून न्यूट्रल केली, आरपीएम खाली आले तरी थरथर तशीच, म्हणजे इंजिन नाही. स्टीअरिंग एकदम शांत, म्हणजे पुढची चाकं पण नाहीत. ८० ला चाक सेकंदाला दहा-एक फेरे घेतं पण प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा लांब दांडा, त्याच्या अडीच-तीन पट फिरतो, डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या) रेशोप्रमाणे, त्यामुळं तिथं जरा जरी कमीजास्त असलं तरी ते सीटमधनं कळतं.

लिफ्टवर घेतली, सायलेन्सरचा पाइप उतरवला, हीट शील्ड काढली आणि मी बघतच राहिलो. हे बूड मी आधी बघितलेलं होतं! २०११ ला मी शारजाला होतो, तिथं अमेरिकेतनं आलेल्या जुन्या लिंकन एलएस यायच्या, तसाच दोन तुकड्यांचा शाफ्ट, मधी बेअरिंग, जोडाला रबर कपलिंग. आपल्या बोलेरोला जोडाला लोखंडी क्रॉस असतो, इथं जाड रबराची चकती. जॅग्वार फोर्डकडं होती तेव्हा त्यांनी डीईडब्ल्यू९८ म्हणून मागच्या चाकावर चालणाऱ्या गाड्यांचा एक सांगाडा केला, त्याच्यावर जॅग्वार एस-टाइप आणि लिंकन एलएस काढल्या, पुढं २००२ ची थंडरबर्ड पण त्याच्यावरच. २००८ ला टाटांनी जॅग्वार घेतली तेव्हाची नवीन एक्सएफ म्हणजे त्याच सांगाड्याची सुधारलेली आवृत्ती. एस-टाइपचा व्हीलबेस २९०९ मिलिमीटर, हिचा पण २९०९, मी टेप लावून बघितला. २०१५ पासनंची एक्सएफ वेगळी, ती ॲल्युमिनियमची. लोक म्हणतात जुन्या सांगाड्यावर नवीन गाडी काढताना वरचा पत्राच तेवढा बदलतात, मला ते पटत नाही, सस्पेन्शन, इंजिन, गिअरबॉक्स सगळ्यावर कितीतरी काम केलेलं असतं, पण हाडं ओळखीची असली की हात आपोआप बरोबर जागी जातो एवढं खरं.

शारजातल्या आमच्या फोरमननं एक शिकवलेलं, शाफ्ट खोलायच्या आधी खुणा कर. फ्लँजला, म्हणजे शाफ्ट जिथं बोल्टनं जोडतात त्या चकतीला, तीन पाय असतात, १२० अंशावर, त्यामुळं तो तीन पद्धतीनं बसतो आणि तिन्ही वेळेला बोल्ट अगदी गुमान लागतात. बॅलन्स मात्र एकाच जागी बरोबर असतो. फडकं रॉकेलमधी बुडवून चिखल पुसला तर शाफ्टवर खुणेचा पिवळा ठिपका दिसला, त्याचा जोडीदार गिअरबॉक्सच्या फ्लँजवर, एक पाय सोडून. आप्पांना विचारलं, "गिअरबॉक्स कधी उतरवला होता का?" म्हणाले, "हो, दिवाळीच्या आधी, एका ठिकाणी." बास.

रबराला चीर नव्हती, बेअरिंग पण ठीक होतं. तीन बोल्ट काढले, शाफ्ट एक पाय फिरवला, ठिपक्याला ठिपका आणला, नवीन बोल्ट टाकून टॉर्कनं आवळले. परत शेंद्रे. ९० ला आप्पांनी सीटवर पंजा टेकवला, डोळे मिटले, आणि बराच वेळ हात उचललाच नाही.

गाडी द्यायच्या आधी पोराला परत लिफ्टवर घ्यायला लावली आणि दोन्ही ठिपक्यांवर पांढऱ्या पेंटनं जाड खुणा केल्या, पुढच्या मेकॅनिकला चिखलातनं पण दिसतील अशा.