घोड्याला ताकदीचं काय चालू करू?

सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा घरी आला की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो. टॉनिकचा डबा राहू द्या, आधी मोजायची फीत आणा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 160, लांबी 150 असेल तर वजन साधारण 323 किलो. एवढ्या घोड्याच्या पोटात रोज पाच-सहा किलो कोरडी वैरण गेलीच पाहिजे. ती जात नसेल तर टॉनिकचा खर्च पाण्यात.

खरी उणीव बहुतेक वेळा मिठाची असते. वैरण आणि चंदी (दाण्याचा खुराक) यांतून मिठातलं सोडियम जवळजवळ मिळतच नाही. साधं मीठ रोज 30 ग्रॅम, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे, चंदीत कालवा. माथेरानसारख्या चढावर दिवसभर घाम गाळणाऱ्याला दुप्पट. समोर पाणी मात्र हवंच. तहानलेल्या घोड्याच्या तोंडात इलेक्ट्रोलाइटची (क्षारांची) पेस्ट पिळली तर शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं.

दुसरी गोष्ट कोंड्याची, आणि इथे नुकसान गुपचूप होतं. गव्हाच्या एक किलो कोंड्यात फॉस्फरस दहा-अकरा ग्रॅम, कॅल्शियम जेमतेम एक. घोड्याला हवं नेमकं उलटं: फॉस्फरसच्या दीडपट तरी कॅल्शियम. ते मिळालं नाही की शरीर हाडांतून काढून घेतं. म्हणून रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम ठीकच दिसतं आणि मालक निर्धास्त राहतो. मग लंगडणं आज या पायात, उद्या त्या पायात. पुढे नाकाच्या वरची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात, दाढा हलतात. नुसत्या हत्तीघासावर ठेवलेल्या घोड्याचंही हेच होतं, कारण त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवतं. उपाय स्वस्त आहे: कोंडा कमी, लसूणघास जास्त, आणि दर किलो कोंड्यामागे 30-35 ग्रॅम खाद्याच्या प्रतीचं कॅल्शियम कार्बोनेट. डायकॅल्शियम फॉस्फेट नको, त्यात फॉस्फरस आहेच. पानाचा चुना तर नकोच, तो तोंड भाजतो.

डब्यांबद्दल थोडक्यात. खुरांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व रोज 15-20 मिलिग्रॅम. पण खूर महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतो, सहा महिन्यांच्या आत फरक शोधू नका. रक्तवाढीचं लोह बहुतेकदा वाया जातं: घोडा फिका पडला तर आधी लीद तपासा, जंत निघण्याची शक्यता जास्त. सेलेनियम या खनिजाला मात्र घाबरायलाच हवं. रोजची गरज एक मिलिग्रॅमच्या आसपास, आणि दोन-तीन डबे एकत्र चालू केले की प्रत्येकात ते थोडं थोडं असतंच. 2009 मध्ये फ्लोरिडात पोलोचे 21 घोडे सेलेनियमची मात्रा चुकलेल्या इंजेक्शनांनी दगावले.

जडीबुटीत माझं मत जवसाच्या बाजूने. रोज 100 ग्रॅम, ताजं दळून किंवा उकळत्या पाण्यात टाकून शिजवलेलं. कोमट पाण्यात भिजत ठेवू नका, त्यात सायनाइड सुटतं. मेथीच्या वासाने अडून बसलेला घोडाही तोबऱ्यात तोंड घालतो, तेवढा तिचा उपयोग पक्का. लसूण माश्यांसाठी म्हणून ओंजळी-ओंजळीने देतात. रोज जास्त गेला तर तांबड्या पेशी फुटतात. घोडा स्पर्धेत उतरणार असेल तर मिरचीचा लेपसुद्धा उत्तेजक-चाचणीत सापडतो.

आणि शेवटी गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य किंवा मिनरल मिक्श्चर. त्यात मोनेन्सिन असू शकतं. कोंबडीला चालणारं हे औषध घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारतं. दर किलो वजनामागे दोन-तीन मिलिग्रॅमही जीव घ्यायला पुरतात, आणि त्यावर उतारा नाही. पिशवीवरचे घटक वाचा, नसतील लिहिलेले तर पिशवी परत करा. चुकून खाल्लंच असेल तर घोडा हिंडवू नका, आहे तिथेच बांधून डॉक्टरांना बोलवा आणि पिशवी दाखवायला ठेवा.