तुम्ही विचारलंत म्हणून: अंड्यापायी कोर्ट

‘शिळ्या अंड्यापायी माणसाला कोर्टात उभं केलंत?’ अन्न निरीक्षकाची नोकरी संपली, हा प्रश्न काही संपत नाही. आणि विचारणारा आधीच हसत असतो.

तर ऐका. शिळं म्हणजे नासकं नव्हे. तसलं अंडं नीट शिजवून खाल्लं तर सहसा काही होत नाही, हे मलाही कळतं. गुन्हा अंड्यात नव्हता, पाटीत होता. ‘ताजी’ लिहून त्या शब्दाचे जादा पैसे घेतले जात होते. पाटी नसती तर मी तिथे थांबलोही नसतो.

कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बोथट टोकाची हवेची पोकळी वाढते, घट्ट पांढरं पातळ होतं. दिव्यासमोर धरलं की पोकळी दिसते. फोडून पांढऱ्याची उंची मोजली, वजन घेतलं, की हॉ युनिट, म्हणजे ताजेपणाचा आकडा, निघतं. रेमंड हॉ यांनी ही पद्धत १९३७ साली मांडली. एवढं हाताशी असताना हरू कसे, असं वाटायचं.

हरलो. नमुना शुक्रवारी संध्याकाळी घेतला. प्रयोगशाळा बंद, म्हणून सील करून ऑफिसच्या कपाटात ठेवला आणि सोमवारी नेला. उलटतपासणीत वकिलांनी आवाजही चढवला नाही. ‘साहेब, कपाट थंड होतं का?’ नव्हतं. ‘दिवस उन्हाळ्याचे?’ हो. ‘मग यातलं शिळेपण माझ्या अशिलाचं किती, तुमच्या कपाटाचं किती?’ मी फाइल चाळायला लागलो. उत्तर तिच्यात नाही हे माहीत होतं, तरी चाळत राहिलो. कुणी थांबवलंही नाही.

पोकळी मी दुकानातच दिव्यासमोर पाहिली होती हो! चांगली मोठी होती. मोजून, साक्षीदाराची सही घेऊन लिहायला दहा मिनिटं लागली असती. घरी जायची घाई होती, दुसरं काही नाही.

दुकानदार म्हणत होता, घाऊकवाल्यानं ताजी म्हणून दिली. तेव्हाचा मी म्हणायचो, पाटी ज्याची, जबाबदारी त्याची. अजूनही म्हणतो. पण त्याची खरेदीची पावती मी मागितलीच नव्हती, आणि घाऊकवाल्याकडे तर पाऊलही टाकलं नव्हतं. छोटा माणूस हाताशी होता, त्याला धरलं. हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.

निकालानंतर त्यानं पाटी बदलली. ‘चांगली अंडी’. त्यावर खटला होत नाही.