शेडचा कोबा

घर दाखवायची आपल्याकडं एक ठरलेली वाट असते. आधी हॉल, मग देवघर, मग स्वयंपाकघरातला ओटा, शेवटी गच्ची, आणि गच्चीवरून दिसणारं शेजाऱ्याचं बांधकाम व त्यावरची टीका. गाडीच्या शेडमध्ये पाहुणा चपला काढतो, जाताना घालतो, पण खाली बघत नाही. बांधतानाही तेच. पाया, कॉलम, स्लॅब, गिलावा करत करत शेडची पाळी येते तेव्हा पैसे संपत आलेले असतात, गवंड्याची पुढची साईट सुरू झालेली असते आणि वास्तुशांतीची तारीख भटजींनी काढून दिलेली असते. मग उरलेली वाळू, उरलेली खडी आणि गाठी धरलेलं सिमेंट एकत्र करून कोबा ओतला जातो. वरून रंधा फिरवला की दिसायला झकास.

बेळगावात वडगावच्या बाजूला आमचं घर. त्याचा कोबा याच कुळातला. गेटपासून जिन्यापर्यंत एक तिरकी भेग, तिला दोन्हीकडं फाटे. उन्हाळ्यात तिच्यातून मुंग्यांची ये-जा, पावसाळ्यात पाण्याची. स्कूटरचा स्टँड जिथं टेकतो तिथं खळगा, आणि खळग्यात कायम थोडं काळं ऑइल. या सगळ्यापेक्षा त्रास धुळीचा. झाडावं तितकी करडी पूड निघायची. आई म्हणायची, "हा कोबा झाडूनच संपवणार आपण." तिचं चुकत नव्हतं. माल पातळ कालवला की खडी खाली बसते आणि पाणी सिमेंटचा बारीक गाळ घेऊन वर येतं. त्या ओल्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून थापी मारली की चकाकी येते, पण ती वरची साय कच्चीच राहते. तीच पुढं वर्षानुवर्षं केरसुणीला लागते.

दरवर्षी दिवाळीच्या आधी भेगेत सिमेंटचं पाणी सोडायचा आमच्याकडं रिवाज होता. संक्रांतीपर्यंत ते खपली धरून निघायचं. निघणारच, कारण भेग वर दिसत असली तरी तिचं कारण खाली असतं. बेळगावातून खानापूरकडं निघालं की तांबडी माती आणि जांभा. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात आलं की काळी. याच शिवारातला बेळगावचा बासमती एकेकाळी नावाजलेला. भाताला ती माती सोन्याची, कोब्याला मात्र वैऱ्याची. मृगापासून पाणी पिऊन फुगते, शिमग्यानंतर आकसून भेगाळते. तिच्यावर चार इंचांचा कोबा टाकून तो जागचा हलू नये अशी अपेक्षा करणं म्हणजे जरा जास्तच झालं.

काढून नवा घालायचा असं ठरलं आणि गल्लीतल्या सल्लागारांना काम मिळालं. शेडचं काम गेटातून दिसतं, त्यामुळं त्यावर बोलायचा अधिकार सगळ्यांना असतो. एक म्हणाले, फोडता कशाला, वरूनच टाइल्स मारा. पण खालचा कोबा हलता असेल तर टाइल्स त्याच रेघेवर फुटतात, आणि गाडीच्या चाकाखाली पोकळ वाजणारी टाइल टिकत नाही. दुसऱ्यांना पेव्हर ब्लॉकचा ध्यास. त्यांच्या बाजूनं एक मुद्दा खरा होता: उद्या पाइपलाइनसाठी उकरायचं झालं तर ब्लॉक उचलून परत बसवता येतात. पण सांध्यातून गवत उगवतं, आणि ते उपटायला पेव्हरवाले येत नाहीत. कोपऱ्यावरच्या काकांनी तर थेट किल्ल्यातलं जुनं जैन मंदिर, कमल बस्तीच काढली. "1204 सालची! तिथं कुठलं आलंय तुमचं सिमेंट?" आता पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच 1824 चं, इंग्लंडातलं. तेव्हा नव्हतं हे बरोबर. पण बस्तीत कुणी गाडीही लावत नाही. शिवाय दगडी कामात दर दगडागणिक सांधा असतो, हलायचं झालं तर तो सांध्यात हलतो. कोबा पडला एकसंध, त्याला हलायला जागाच नसते. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "तेच म्हणालो की मी."

दसरा झाल्यावर फोडायला सुरुवात केली. ब्रेकर मशीन आणलं होतं, पण ते लावायची वेळ फार आली नाही. पहार घालून टेकू दिला की अख्खे तुकडे खपलीसारखे सुटत होते. गवंडीमामांनी एका ठिकाणी पहारेचं टोक आपटलं, आवाज ऐकला, आणि मला जवळ बोलावलं. "मालक, ह्यो कोबा न्हवं, ह्यो पूल हाय. बगा खाली." तुकडा उचलला तर खाली वीतभर पोकळी. भरावाची माती धुमसानं ठोकून न दाबता नुसती पसरलेली, ती पाण्यानं बसत गेली होती, आणि उरलेलं काम घुशींनी केलं होतं. बिळं थेट गटाराकडं जात होती. इतकी वर्षं आमची गाडी हवेवरच उभी होती म्हणायची. त्याच मातीतून विटांचे तुकडे, मंगळुरी कौलाचं अर्ध, करंडीभर गंजलेले खिळे आणि काचेच्या गोट्या निघाल्या. गोट्या कुणाच्या यावर घरात अजून एकमत नाही.

काढलेल्या मातीचा ढीग रस्त्याकडेला पडला आणि गल्लीतली पोरं दारात हजर. बेळगावात दिवाळी म्हटली की किल्ला आलाच. एरवी काळ्या मातीसाठी त्यांना शेतापर्यंत घमेली घेऊन जावं लागतं, इथं दारातच प्रतापगड पडला होता. माती नेली ते ठीक. पण पुढं भरावासाठी तांबडा मुरूम येऊन पडला तेव्हा बुरुजांना तोच रंग शोभतो असा त्यांना शोध लागला. मामांनी एकाला पकडलं तर तो म्हणाला, "मामा, थोडाच घेतलाय, तटबंदीपुरता." मामांनी सोडून दिलं आणि मुरमाचा हिशेब आमच्याकडं लावला.

मुरूम थराथरानं. एक थर, पाणी, धुमस. परत थर, परत पाणी, परत धुमस. त्यावर दगडांचा थर, म्हणजे सोलिंग, फटींत बारीक खडी. या सगळ्याला जितका वेळ आणि पैसा गेला तितका वरच्या कोब्यालाही गेला नाही, आणि यातलं एक कणभरही आता कुणाला दिसणार नाही. रस्त्यानं जाणारे विचारत होते, अजून काम सुरूच झालं नाही का?

उतार मामांनी फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, धरला. शेड 18 फूट लांब, म्हणजे जिन्याकडचं टोक गेटापेक्षा सव्वादोन इंच वर. पातळी बघायच्या ट्यूबमधलं पाणी स्थिर होईतो ते बोलायचं थांबत, एवढंच काय ते त्यांचं मौन. भिंतीच्या आणि कॉलमच्या कडेला थर्माकोलच्या पट्ट्या उभ्या केल्या, कोबा भिंतीला चिकटून ओढला जाऊ नये म्हणून.

मालाच्या दिवशी खरी मजा. मामा आमच्याशी मराठीत, माल वाहणाऱ्या बायकांशी कन्नडमध्ये, मिक्सरवाल्याशी हिंदीत, आणि फोनवर या तिन्हींत. भांडण मात्र एकाच गोष्टीचं: पाणी. एकास दीड-तीनचा माल, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. नदीची वाळू आता सहजी मिळत नाही, त्यामुळं दगड भरडून केलेली एम-सँड. हा माल जाडसर राहिला तर ओढायला जड जातो आणि पातळ केला की आपोआप पसरतो. त्यामुळं कुणाचं लक्ष नाही बघून मिक्सरवाला एक बादली जादा ओतायला बघणार, आणि मामा लांबूनच ओरडणार, "साकु! साकु री!" पुरे हा शब्द त्या दिवशी मी इतका ऐकला की संध्याकाळी जेवताना भात वाढणाऱ्या बायकोला मीही साकु म्हणालो. 50 किलोच्या पोत्याला या मालात फार तर 30 लिटर पाणी, आणि एम-सँड ओली असेल तर त्याहून कमी. जादा पाणी सिमेंटशी संसार करत नाही. ते उडून जातं आणि मागं बारीक छिद्रं ठेवतं. ती धूळ, ते खळगे, सगळं त्या एका बादलीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कटरवाला आला आणि त्यानं नव्याकोऱ्या कोब्याला आडवी, इंचभर खोल चीर दिली. बरोबर मध्यावर. आई जिन्यावरून बघत होती. "आताच घातला आणि आताच चिरला?" तिला समजावणं सोपं नव्हतं, मलाही ते पटायला वेळ लागला होता. कोबा वाळताना आकसतो, आकसला की तडकतो. लोखंडी जाळी घातली तरी तडा जायचा राहत नाही, फक्त तोंड पसरत नाही. मग तडा जाणारच असेल तर तो जावा कुठं, एवढंच आपल्या हातात. चार इंच जाडीला आठ-दहा फुटांवर खाच, जाडीच्या पाव हिश्शाइतकी खोल. तिथं कोबा सगळ्यात पातळ, त्यामुळं तडकला तर तिथंच, सरळ रेघेत, खालच्या खाली. आई म्हणाली, "म्हणजे भांडण व्हायचंच असलं तर अंगणात व्हावं, चारचौघांत नको." मामांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते कामावरच्या बायकांना कन्नडमध्ये सांगितलं.

पुढचं काम घरच्यांचं. "कोबा घालायला काय, कुणी बी घालतंय," मामा जाताना म्हणाले, "पाणी कोण मारतंय ते बगा." कोबा वाळून घट्ट होतो ही सार्वत्रिक समजूत आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं, आणि ते काम चालू असेतो पाणी कमी पडता कामा नये. आयएस 456 हे भारतीय मानक साध्या सिमेंटला निदान 7 दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला निदान 10 दिवस ओल ठेवायला सांगतं, 14 झाले तर उत्तम. हल्ली पोत्यांतून बहुतेक राखमिश्रितच येतं. मामांनी चिखलाचे बुटके बांध घालून वाफे केले आणि त्यांत पाणी उभं केलं. भाताच्या रानात पुन्हा वाफे आले ते असे. सकाळी साळुंक्या येऊन त्यात अंघोळ करायच्या. गल्लीतल्या बेडकाला बातमी कशी लागली कोण जाणे. परतीचा पाऊस एक दिवस धो धो येऊन गेला तेव्हा शेजारचे धावत आले, "अहो, नवा कोबा भिजतोय, प्लास्टिक टाका!" पहिल्या काही तासांत हा पाऊस आला असता तर पृष्ठभागाची चाळण झाली असती, म्हणून आम्हीही धावलो असतो. पण आता तो आमचं काम फुकटात करत होता. आम्ही चहा घेत बघत बसलो.

पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात. तोवर गाडी रस्त्यावरच होती. तिच्या काचेवर कुणीतरी बोटानं शिवाजी महाराजांचा जयजयकार लिहिला होता, बहुधा तटबंदीवाल्यांनीच.

आता कोबा तयार आहे. झाडल्यावर धूळ निघत नाही, यावर आई अजून विश्वास ठेवत नाही, रोज एकदा बोट फिरवून बघते. समोरच्या काकू परवा येऊन बघून गेल्या. वाकून हात लावला, उतार कुठं आहे विचारलं, आणि म्हणाल्या, "छान मोठी जागा झाली हो. पोरीच्या हळदीला आचाऱ्याला इथंच बसवू या का? आमच्याकडं फरशी घसरते." आईनं माझ्याकडं न बघताच होकार दिला. हळदीनंतर बाजूच्या वहिनींचे सांडगे आहेत. गाडी अजून रस्त्यावरच आहे.