चिंचोक्यांचं निम: सातपर्यंत जमलं, पंधरापाशी अडलेय

निम म्हणजे ढिगांचा खेळ: आपल्या चालीला एकाच ढिगातून हवे तेवढे, पण निदान एक, चिंचोके उचलायचे; शेवटचा उचलेल तो जिंकला. मागच्या नोंदीत लक्ष्य ठेवलं होतं: तीन ढीग, प्रत्येकी सातपर्यंत. ते झालं. हरत्या मांडण्या, म्हणजे ज्याची चाल तो हरला अशा, आता बोटं न मोडता ओळखू येतात.

पाठ करायचं फार नव्हतंच. शून्य ते सातचे तीन ढीग धरले तर मांडण्या ५१२, त्यातल्या हरत्या ६४. दोन ढीग सारखे आणि तिसरा रिकामा, ही जात सोपी: समोरचा करेल तेच दुसऱ्या ढिगात करायचं. बाकी क्रम सोडला तर सातच त्रिकुटं: १-२-३, १-४-५, १-६-७, २-४-६, २-५-७, ३-४-७, ३-५-६. प्रत्येक आकडा बरोबर तीनदा येतो, आणि कुठलेही दोन घेतले की तिसरा ठरलेला. आता २ आणि ५ दिसले की नजर आपोआप ७ शोधते.

पण खरी प्रगती पाठांतराची नाही, मांडायच्या पद्धतीची आहे. हार्वर्डच्या चार्ल्स बूटन यांनी १९०१ मध्ये द्विमान पद्धतीचा (आकडे १, २, ४, ८ अशा गठ्ठ्यांत फोडायचा) जो नियम दिला, तोच मी चिंचोक्यांत करते. पाच म्हणजे चौकडी आणि सुटा, सहा म्हणजे चौकडी आणि जोडी, सात म्हणजे तिन्ही. चौकडीला चौकडी, जोडीला जोडी, सुट्याला सुटा जुळला की मांडणी हरती. ५-६-७ असं मांडून बघा: जोड्या दोन, सुटे दोन, चौकड्या तीन. एक चौकडी जास्त, ती कुठल्याही ढिगातून काढा, जिंकलात. तीन जिंकत्या चाली! अशा चाली कधी दोन किंवा चार नसतात, नेहमी विषमच, कारण सगळ्यात मोठा न जुळलेला गठ्ठा विषम ढिगांत असतो. हे कळलं त्या रात्री मी उगाचच तासभर मांडत बसले.

२-४-५ मध्ये मात्र गडबड होते. जोडी एकटी, सुटाही एकटा. जोडी मोडून त्यातला एक तिथेच ठेवायचा, म्हणजे १-४-५. 'परत ठेवायचं' हे मी अजून विसरते.

रविवारी भाचीशी उलटं निम खेळले, शेवटचा उचलेल तो हरला. १-१-२ आलं, माझी चाल. सवयीने दोन्ही उचलले. तिने एक घेतला आणि हसायला लागली.

"मावशी, शेवटचा तुझ्याच वाट्याला!"

तिथे एकच उचलून १-१-१ ठेवायला हवं होतं. उलट्या खेळात शेवटपर्यंत नेहमीचंच गणित चालतं; फक्त आपल्या चालीने सगळे ढीग एकेकाचे होणार असतील, तेव्हा ते विषम राहतील असं बघायचं. माहीत होतं हो, हाताला माहीत नव्हतं.

आता चार ढीग, पंधरापर्यंत. आठाचा गठ्ठा आला की मी अडखळते, १३ तर हमखास चुकते. परवा ९-११-१३-१५ पुढे पाच मिनिटं जिंकती चाल शोधत होते. ती नव्हतीच! १-३-५-७ ही जुनी हरती मांडणी, प्रत्येक ढिगावर आठ-आठ चढवलेली.