मामांच्या खिशातला चष्मा

चोपडा तालुक्यातल्या एका गावातलं लग्न होतं. मे महिना, पारा ४४ वर आणि गोरज मुहूर्त ६ वाजून ४९ मिनिटांचा. मेमध्ये आमच्या खानदेशात सूर्य सातच्या आसपास मावळतो. मी लग्नाचे फोटो काढतो. म्हणजे टाळी लागेस्तोवर, लग्न लागेस्तोवर माझा चांगला उजेड संपलेला. पुढे आहेर आणि स्टेजवरच्या फोटोंची रांग दोन-दोन तास हलत नाही. तोवर नवरीचा मेकअप घामाने उतरलेला असतो आणि दोघांच्या चेहऱ्यांवर नुसता थकवा उरतो.

म्हणून गोरज मुहूर्ताची ऑर्डर असली की मी जोडप्याला आधीच विचारतो, फर्स्ट लूक करायचा का? साडेपाचला केळीच्या बागेत दोघांनी नटूनथटून एकमेकांना पहिल्यांदा बघायचं. बँड नाही, पाहुणे नाहीत. अर्धा तास फोटो, मग नवरदेव जानोशावर आणि नवरी घरात. ही पद्धत अमेरिकेतल्या लग्नांतून इकडे आली. खरं तर नवऱ्याने लग्नाआधी नवरीला बघू नये, असा समज तिकडेही जुनाच आहे. या दोघांनी लगेच होकार दिला होता.

दुपारी साडेतीनला नवरीच्या आजीला कुणीतरी हे सांगितलं. मांडवात बट्ट्या तळण्याची गडबड चालली होती. तिथून उठून त्या थेट माझ्याकडे आल्या.

“आंतरपाट सरकाना पहिले कोनी दखतस का, भो?”

मी उजेडाचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग आंतरपाट कशाले धरतस?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. उजेड माझ्या कामाचा प्रश्न आहे, अंतरपाट त्यांच्या घरचा. मी बेत रद्द केला आणि नवरीला सांगायला आत गेलो.

ती कूलरसमोर बसली होती. डोळे लाल झालेले, नाकावर जाड काचांचा चष्मा. माझं ऐकून ती एवढंच म्हणाली, “दादा, मग मला ते दिसणारच नाहीत.”

मला आधी कळलंच नाही. तिचा नंबर उणे नऊ. हळदीच्या दिवशी डोळे आले म्हणून डॉक्टरांनी कॉन्टॅक्ट लेन्स घालायला मनाई केली होती. मुंडावळ्यांवर चष्मा बरा दिसत नाही, फोटो जन्मभराचे असतात, असं काकू-मावश्यांनी ठरवून टाकलं होतं. उणे नऊ म्हणजे चष्म्याशिवाय साधारण ११ सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं, वीतभरसुद्धा नाही. अंतरपाटापलीकडचा माणूस दोन-तीन फुटांवर उभा असतो. बागेत ती चष्मा लावून येणार होती, डोळे भरून बघणार होती आणि मगच फोटोसाठी चष्मा काढणार होती. तिने होकार दिला होता तो त्यासाठी. मी उजेडाच्या हिशेबात हे विचारलंच नव्हतं.

चौदा वर्षांत काचेवर चमक येते म्हणून मीही कित्येक नवरी मुलींना चष्मा काढायला लावला आहे. खरं तर दिवा थोडा बाजूला आणि उंच नेला, चष्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचलल्या की चमक जाते. कष्ट माझे वाढतात, एवढंच. ते मी आता घेतो.

मी पुन्हा आजींकडे गेलो. म्हटलं, “आजी, तुमचंच खरं. आधी बघणार नाहीत. पण अंतरपाट सरल्यावर तरी तिला नवरा दिसायला हवा ना?”

आजींनी मोतीबिंदूनंतरचा आपला चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि नवरीच्या मामांना हाक मारली.

मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींची झाली, मग एका मावशीने मोबाइलमध्ये बघून स्वतः रचलेलं म्हटलं, मग आत्याने. नवरीच्या मागे मामा उभे होते. “तदेव लग्नं” ऐकताच त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला आणि मागूनच तिच्या डोळ्यांवर चढवला. एक काडी मुंडावळ्यांच्या सरांत अडकली. लोक अक्षता घेऊन हात उगारून उभे, भटजी शेवटच्या ओळीवर. मामांनी थरथरत्या बोटांनी सर उचलला, काडी खालून कानामागे सरकवली. अंतरपाट खाली गेला.

बहुतेक नवऱ्या त्या क्षणी नजर खाली घालतात. ही बघत राहिली. बँड वाजायला लागला, अक्षता काचांवर टपटप आपटत होत्या, तरी तिने डोळे मिटले नाहीत. हातातला हार तसाच राहिला. नवरदेव ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलला, ती हसली. शेवटी मामाच म्हणाले, “हार घाल बेटा.”

केळीच्या बागेतला एकही फोटो त्या अल्बममध्ये नाही. १२ बाय ३६ इंचांच्या मधल्या पानावर फक्त तिचा चेहरा आहे. चष्म्याची कड आणि नाक यांच्यामध्ये अक्षतेचा एक पिवळा दाणा अडकला आहे. तो मी एडिटिंगमध्ये पुसला नाही.