लसींच्या शीतसाखळीचा परदेशी प्रकल्प: फ्रीज बसवल्यानंतरचं काम

पुण्याजवळच्या मांजरी इथल्या सिरम इन्स्टिट्यूटच्या कारखान्यातून निघालेली लस आफ्रिकेतल्या एखाद्या आडगावच्या दवाखान्यात बाळाला टोचली जाईपर्यंत सहसा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहावी लागते. मधले विमान, गोदाम, ट्रक, मोटारसायकल आणि खांद्यावरचा व्हॅक्सिन कॅरियर, म्हणजे लसींचा थंड डबा, मिळून शीतसाखळी होते, आणि ती मजबूत करण्यासाठी परदेशी निधीतून बरेच प्रकल्प चालतात. पुण्यात सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या किंवा आयटीतून या क्षेत्राकडे वळू पाहणाऱ्या मंडळींच्या डोळ्यांसमोर बहुतेकदा खरेदीच असते: निविदा, कंटेनर, फ्रीज, उद्घाटन. माझ्या मते अशा प्रकल्पाची खरी परीक्षा तिसऱ्या वर्षी होते. तेव्हा फ्रीजचा व्होल्टेज स्टॅबिलायझर जळतो, आणि नवा आणायला पैसे कोणत्या लेखाशीर्षातून काढायचे हे ठरलेलं नसतं. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा तिच्या आधीचं आणि नंतरचंच जास्त येईल.

सुरुवात जागेच्या हिशेबाने करावी. तीन लाख लोकसंख्येचा जिल्हा घ्या. वर्षभरात लस द्यायची बाळं साडेतीन टक्के धरली तर १०,५०० झाली. त्यातल्या ९० टक्क्यांना पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचे, तीन डोस द्यायचे म्हणजे २८,३५० डोस. दहा डोसांच्या कुपीत १५ टक्के वाया जातील असं धरलं, तर त्या आकड्याला ०.८५ ने भागायचं, म्हणजे मागणी साधारण ३३,३५० डोसांची. खोक्यासकट एका डोसला ३ घन सेंटिमीटर जागा धरली तर वर्षाला १०० लिटर. माल दर तिमाहीला येणार आणि २५ टक्के राखीव साठा ठेवायचा, म्हणजे एका वेळी या एकाच लसीला ३१ लिटरच्या आसपास जागा हवी.

आता चार डोसांची नवी लस आणा. पुण्यातच तयार होणाऱ्या आर-२१ या मलेरियाच्या लसीचे चार डोस असतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. नवी लस एक-दोन डोसांच्या कुपीत आली आणि एका डोसला खोक्यासह १० घन सेंटिमीटर लागले असं समजा. ३७,८०० डोस, ५ टक्के वाया, म्हणजे वर्षाला जवळपास ४०० लिटर. एका नव्या लसीने पेंटाव्हॅलंटच्या चौपट जागा खाल्ली! जागेचे हे आकडे धरलेले आहेत. खरे आकडे उत्पादकाच्या पॅकिंगच्या तपशिलातून घ्यायचे, पण गणित असंच चालतं. ते न करता ‘प्रत्येक केंद्राला एक फ्रीज’ असं वाटप केलं, की लहान केंद्रातला फ्रीज रिकामा राहतो आणि जिल्ह्याच्या कोठारात खोकी पंख्यासमोर कोंबली जातात. मग हवा फिरत नाही आणि एक कोपरा तापतो, दुसरा गोठतो.

वाया जाण्याच्या आकड्यावरून सिस्टरांना टोचून बोलू नये, असं मला फार मनापासून वाटतं. गोवराची लस एकदा पातळ केली की सहा तासांत किंवा सत्र संपताच टाकून द्यावी लागते. दहा डोसांची कुपी दोन बाळांसाठी फोडली तर आठ डोस जाणारच. प्रकल्पाच्या तक्त्यात हा आकडा लाल रंगात झळकायला लागला की सिस्टर कुपी फोडायचंच टाळते, दोन बाळांना ‘पुढच्या आठवड्यात या’ सांगते, आणि आठ-दहा किलोमीटर चालत आलेली आई परत येत नाही. गोवराच्या लसीला ४० टक्के नुकसान धरूनच मागणी करावी.

खरेदीत पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या चुकवून चालत नाही. घरगुती फ्रीज घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने तपासून मान्य केलेल्या उपकरणांच्या पूर्वपात्र यादीतलाच घ्यावा, आणि त्यातही ‘ए’ दर्जाचं गोठण-संरक्षण असलेला, म्हणजे वापरणाऱ्याने काही केलं नाही तरी लस गोठणार नाही असा. उष्ण प्रदेशासाठी ४३ अंशांच्या वर्गातलाच, म्हणजे बाहेर तितकं तापमान असतानाही चालणारा हवा. दिवसात आठ तास वीज खात्रीने असेल तर आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर (आयएलआर), म्हणजे आत बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज, चालतो. ती नसेल तर सोलर डायरेक्ट ड्राइव्ह, ज्यात बॅटरी नसते, पॅनलवर कॉम्प्रेसर थेट चालतो आणि गारवा बर्फात साठतो. जुन्या सौर फ्रीजच्या बॅटऱ्या काही वर्षांत संपायच्या, नव्यांना पैसे नसायचे आणि चांगला फ्रीज कपाट होऊन बसायचा.

पॅनलबाबत भारतीय मंडळींनी विशेष सावध राहावं. आपल्याकडे पॅनलचं तोंड दक्षिणेला ठेवतात. मलावी, झांबिया, मोझांबिक विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहेत, तिथे तोंड उत्तरेला हवं. करारातल्या नकाशावर दिशा आणि कोन लिहून द्या. विषुववृत्ताच्या अगदी जवळही पॅनल सपाट ठेवू नका, निदान १० ते १५ अंश कलता ठेवा, म्हणजे पावसाने धूळ धुऊन जाते. आज छोटं दिसणारं आंब्याचं झाड पाच वर्षांत सावली टाकेल, तेही जागा पाहतानाच नोंदवायचं.

जहाजाचं प्रकरण न्हावा-शेवापासून मोंबासा, दार-एस-सलाम किंवा बेराच्या बंदरापर्यंत सहसा ठीक चालतं. अडकतं ते पुढे. शुल्कमाफीचं पत्र त्या त्या मालाच्या नावाने, संख्या आणि किंमत बिलाशी तंतोतंत जुळवून, आरोग्य मंत्रालयाकडून अर्थ मंत्रालयाकडे जायला लागतं. ते हातात येण्याआधी माल चढवला तर कंटेनर बंदरात पडून राहतो, मोफत दिवस संपतात आणि रोजचं भाडं चढतं. हे भाडं निधी देणारे सहसा मान्य करत नाहीत. मलावी किंवा युगांडासारख्या समुद्रकिनारा नसलेल्या देशाला माल जात असेल तर मधल्या देशाचे पारगमन कागदही लागतात, आणि शेवटच्या दीडशे किलोमीटरचा रस्ता पावसाळ्यात बंद असतो की नाही हे वाहतूकदाराला नव्हे, जिल्ह्याच्या लसीकरण अधिकाऱ्याला विचारायचं.

लस गरम होण्याची काळजी सगळे घेतात. गोठण्याने होणारं नुकसान मात्र दिसत नाही म्हणून सुटून जातं. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची) या लसींमध्ये ॲल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. कुपीवरच्या व्हीव्हीएमचा, म्हणजे लस तापली का हे रंगावरून दाखवणाऱ्या खुणेचा, चौकोन फक्त उष्णतेने काळवंडतो, गोठल्याचं काहीच सांगत नाही. नुकसान बहुतेक वेळा व्हॅक्सिन कॅरियरमध्ये होतं: फ्रीझरमधला आइस पॅक थेट कुपीला भिडवला की झालं. पॅक बाहेर काढून ठेवायचे, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच भरायचे. प्रशिक्षणाच्या दिवशी हे भाषणात सांगण्याऐवजी प्रत्येकाच्या हातात पॅक देऊन करून घ्या. कुपी गोठली असल्याची शंका असेल तर मुद्दाम गोठवलेली त्याच बॅचची कुपी शेजारी ठेवून शेक टेस्ट करायची, म्हणजे दोन्ही हलवून गाळ कसा बसतो ते ताडून पाहायचं.

तापमानाचं तीस दिवसांचं रेकॉर्डर प्रत्येक फ्रीजमध्ये हवं. ८ अंशांच्या वर सलग दहा तास, किंवा उणे ०.५ अंशाला वा त्याखाली एक तास गेला की ते अलार्म देतं. महिन्याला किती उष्ण आणि किती थंड अलार्म आले, हे दोन आकडे मला दहा पानी अहवालापेक्षा मोलाचे वाटतात. त्यासोबत दिवसातून दोनदा हाताने लिहायचा तक्ता असतोच, आणि तिथे एक गंमतशीर अडचण येते. इथिओपियात, आणि स्वाहिली बोलणाऱ्या भागातही, घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. नव्या माणसाला ‘२ वाजता ५ अंश’ ही नोंद दुपारची वाटते. तक्त्यावर वेळ न छापता ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ छापावं.

पैशाचं वेळापत्रक हा माझ्या लेखी या कामाचा गाभा आहे. केनिया, युगांडा, टांझानियाचं आर्थिक वर्ष जुलैला सुरू होतं, घाना आणि झांबियाचं जानेवारीला, मलावीने २०२२ पासून आपल्यासारखं एप्रिल घेतलं आहे, आणि इथिओपियाचं ८ जुलैच्या सुमारास, त्यांच्या तेरा महिन्यांच्या पंचांगाप्रमाणे. निधी देणाऱ्याचं वर्ष आणखी वेगळं. प्रकल्पाचं नियोजन निधीदाराच्या वर्षावर बेतलं, तर देखभालीची तरतूद सरकारी अंदाजपत्रकात घालायची वेळ हमखास हुकते. मागणी वर्ष सुरू होण्याच्या निदान सहा-सात महिने आधी द्यावी लागते. आणि कुणाकडे द्यायची तेही पाहा: केनियात २०१३ पासून बरीचशी आरोग्यसेवा ४७ काउंटींकडे गेली आहे, त्यामुळे नैरोबीतल्या मंत्रालयाची सही घेऊन तंत्रज्ञाचं डिझेल मंजूर होत नाही.

देखभालीचा खर्च उतरत्या क्रमाने करारातच लिहावा. पहिल्या वर्षी पूर्ण प्रकल्पाकडून, दुसऱ्या वर्षी ७० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, बाकी सरकारी तरतुदीतून. या खर्चात चार गोष्टी येतात: सुटे भाग, तंत्रज्ञाचा प्रवासभत्ता, वाहनाचं इंधन आणि स्टॅबिलायझर. सुटे भाग फ्रीजसोबतच मागवा. थर्मोस्टॅट, पंखे, कंट्रोलर नंतर एकेक मागवायला गेलं की कुरियर आणि सीमाशुल्क मिळून भागापेक्षा महाग पडतात.

माणसांबाबत एक मोह टाळायला हवा. प्रकल्पाचं स्वतंत्र कार्यालय उघडून जिल्ह्यातला सगळ्यात चांगला तंत्रज्ञ तिप्पट पगारावर घेतला की अहवाल छान होतात आणि जिल्हा मोकळा पडतो. परदेशी मदतीबाबतच्या २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात अशी समांतर कार्यालयं दोन-तृतीयांशाने कमी करायचं लक्ष्य होतं, तरी सवय सुटलेली नाही. फॉर्मचंही तसंच. बहुतेक देशांत डीएचआयएस-२ ही आरोग्याच्या आकडेवारीची संगणक प्रणाली आधीपासून चालू असते. तिच्यात दोन रकाने वाढवून घ्या, आपला नवा फॉर्म देऊ नका. लसीकरण १०० टक्क्यांच्या वर दिसलं तर सिस्टरवर संशय घेण्याआधी जनगणना किती जुनी आहे ते बघा. छेद, म्हणजे बाळांची धरलेली संख्या, चुकीचा असतो.

पुण्याहून काम करणाऱ्यांना वेळेचा फरक सोयीचा आहे: नैरोबी अडीच तास मागे, मलावीचं लिलाँग्वे साडेतीन, घानाचं अक्रा साडेपाच. इथले दुपारी अडीच म्हणजे अक्राचे सकाळी नऊ, तोवर बाकी सगळे कामावर आलेले असतात. जाण्याच्या किमान दहा दिवस आधी पीतज्वराची लस घ्या, कारण प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि त्याशिवाय परतलात तर भारतात विलगीकरणात बसावं लागू शकतं. त्याहून महत्त्वाची तयारी म्हणजे मुळशी किंवा वेल्ह्याच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परवानगी काढून लसीकरणाचा एक पूर्ण दिवस बसणं. आयएलआरची बास्केट, लॉगबुक, लससाठ्याच्या ई-विन ॲपवरची नोंद, सकाळी पॅक काढून ठेवणारी आरोग्यसेविका, हे न पाहता परदेशातल्या शीतसाखळीवर सल्ला देऊ नये.

शीतसाखळीवरचा भार कमी करणं हाही मार्ग आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण पुण्याचंच. सिरम इन्स्टिट्यूटची मेनॲफ्रिव्हॅक ही मेंदूज्वराची लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोठ्या मोहिमेत आली, डोसला पन्नास अमेरिकी सेंटपेक्षा कमी किमतीत. २०१२ मध्ये तिला ४० अंशांपर्यंत चार दिवस शीतसाखळीबाहेर ठेवायची परवानगी मिळाली आणि शेवटच्या टप्प्यातला बर्फ वाचला. नवी लस निवडताना ती शीतसाखळीबाहेर किती टिकते हा प्रश्न मंत्रालयाने किमतीइतक्याच आग्रहाने विचारायला हवा.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा तिच्यावर उभे असलेले कित्येक प्रकल्प काही दिवसांत बंद पडले. त्यामुळे हस्तांतरणाची यादी शेवटच्या सहा महिन्यांत न करता पहिल्या वर्षीच करून दर तिमाहीला ताजी ठेवा: प्रत्येक फ्रीजचा अनुक्रमांक, जागा, बसवल्याची तारीख, वॉरंटी कधी संपते, मालकी कुणाच्या नावावर, रेकॉर्डर कधी बदलायचं. मालकीचं पत्र फ्रीज बसवतानाच जिल्ह्याच्या नावे करून द्या. प्रकल्प संपेपर्यंत मालकी निधीदाराची असेल, तर मधल्या काळात सरकारी तंत्रज्ञाला तो उघडायचीही परवानगी नसते. जुने बंद फ्रीज निकालात काढायची मंजुरी त्याच पत्रासोबत मागा, नाहीतर ते कोठाराची निम्मी जागा अडवून बसतात आणि नव्या फ्रीजची खोकी व्हरांड्यात भिजतात.