पैलवानाचं दूध निर्दोष निघालं तर?

कोल्हापुरात आहारतज्ज्ञाला दुधाशी वैर परवडत नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर आजही गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून देतात, आणि तालमीतल्या पोरांचा खुराक तर दुधावरच उभा असतो. अशा गावात मी एका 21 वर्षांच्या पैलवानाचं दूध बंद केलं. आता राहून राहून वाटतं, त्या दुधाचा काही गुन्हाच नसेल तर?

जत्रेच्या जेवणात त्याच्या अन्ननलिकेत मटणाचा तुकडा अडकला. पाणी उतरेना, लाळही गिळता येईना. रात्री दुर्बिणीतून तुकडा काढला, तेव्हा आमच्या पोटविकारतज्ज्ञांना आत श्वासनलिकेसारख्या कड्या दिसल्या. त्यांनी वरून-खालून मिळून सहा नमुने तपासणीला पाठवले. हे मुद्दाम सांगते, कारण अडकलेला घास काढायचा, ‘नीट चावून खा’ म्हणायचं आणि घरी पाठवायचं, हाच सर्रास शिरस्ता आहे. रिपोर्टमध्ये सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात 48 इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, होत्या. निदानाला 15 असल्या तरी पुरतात. आजार इओसिनोफिलिक इसोफजायटिस, आमच्या बोलण्यात ‘इओई’. अन्नातल्या एखाद्या प्रथिनावर चिडून या पेशी अन्ननलिकेत ठाण मांडतात, सूज हटत नाही आणि वर्षं गेली की नळी अरुंद होते.

‘घास अडकतो का?’ असं विचारलं तर हे रुग्ण नाही म्हणतात. मी तो प्रश्न विचारतच नाही, जेवतोस कसा ते विचारते. भाकरी रश्श्यात पार कुस्करून, दर घासाला पाण्याचा घोट, पंगतीतून सगळ्यात शेवटी उठणार, गोळी चुरून घेणार. आई म्हणाली, “ल्हानपणापासनं सावकाशच जेवतोय, शांत हाय पोरगं.” शांतपणाचा काही संबंध नव्हता. अडकू नये म्हणून तो स्वतःच जेवायची रीत शिकला होता. मधल्या काळात कुणीतरी शंभरावर पदार्थांचं ॲलर्जी पॅनेलही करून घेतलं होतं, त्यात वांगं आणि लवंग दोषी निघाली होती. या आजारात त्या रक्ततपासणीवरून पदार्थ ठरवता येत नाही. लॅबवाले ती विकायची थांबत नाहीत, एवढंच.

ॲसिडिटीचं औषध आठ आठवडे देऊन झालं, उपयोग नाही. पुढचा उपाय दम्याच्या रेस्प्यूलमधलं (वाफेतून घ्यायच्या औषधाच्या छोट्या कुपीतलं) ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड मधात घट्ट कालवून गिळायचं. स्टेरॉइड म्हटल्यावर वस्ताद खुर्चीतून उठलेच. “आमच्या तालमीत ते चालत न्हाई.” हे ते स्नायू फुगवायचं नव्हे, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. वस्तादांच्या लेखी विषय संपला होता. मग पेशंट माझ्याकडे आला.

या आहाराची जुनी रीत सहा गट एकदम बंद करायची: दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे-सुकामेवा, मासे. थंडाई, बदाम, अंडी, तूप यांवर जगणाऱ्याला ही यादी देणं म्हणजे लाल मातीतून उठवणंच. त्यात 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत फक्त दूध सोडलेल्यांपैकी 34 टक्के आणि सहाही गट सोडलेल्यांपैकी 40 टक्के लोकांची अन्ननलिका शांत झाली होती. म्हणून आधी एकटं दूध.

रोज दोन लिटर म्हशीचं दूध म्हणजे 2,000 च्या आसपास उष्मांक आणि 70 ग्रॅमच्या वर प्रथिनं. ती भोकं मी अंडी, कोंबडी, मटण, हरभरा, नाचणी आणि नारळाच्या दुधातल्या थंडाईनं बुजवली. पांढऱ्या रश्श्याला परवानगी होती, त्यावर पोरगं पहिल्यांदा हसलं. पण दूध बंद म्हणजे तूपही बंद, त्यात प्रथिनांचा अंश राहतो. देशी गाईचं चालेल का, शेळीचं, लॅक्टोज काढलेलं? नाही, नाही, नाही. साखर काढली तरी प्रथिन तिथंच असतं. आणि खोलीतल्या डब्यातली व्हे पावडर? ते दूधच. जिमवाल्यांनी तिला ‘सप्लिमेंट’ म्हणून दुधापासून इतकं वेगळं काढलंय की पोराच्या ते ध्यानातच नव्हतं.

आठ आठवड्यांनी घास सुटले. वस्ताद खुशीत माझ्यासाठी पेढे घेऊन आले, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. पुन्हा दुर्बीण घालून घेतलेल्या नमुन्यात मात्र 37 इओसिनोफिल. “माझं नरडं मला म्हाईत, मॅडम,” पोरगं म्हणालं. त्याचं नरडं त्याला वर्षानुवर्षं फसवत आलं होतं, पण हे तोंडावर म्हणणार कसं?

दुधासोबत गहूही काढला. भाकरीच्या मुलखात ते सोपं असायला हवं होतं. तालमीच्या आचाऱ्याला चपाती, रवा, शेवया कळल्या, हिंग नाही. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. डबीवर ते बारीक अक्षरात छापलेलं असतं, सुट्या हिंगावर कोण छापणार? आमटी बिनहिंगाची झाली. पुढच्या नमुन्यात 4.

खरी पंचाईत इथून पुढे. नुसतं दूध सोडून भागलं नाही, गहू सोडल्यावर भागलं. म्हणजे गहू नक्की दोषी. दूध दोषी आहे की उगाच सोबत अडकलंय, हे कळायला दूध पुन्हा सुरू करून काही आठवड्यांनी परत दुर्बीण घालावी लागते. वस्ताद म्हणाले, “दूध द्या, अडकलं तर बंद करू.” इतर कुठल्याही आजारात मी त्यांचंच ऐकलं असतं. पण या पोराचे घास 37 पेशींवरही सुरळीत उतरत होते. परदेशात दोऱ्याला बांधलेली कॅप्सूल गिळवून, दोरा ओढून घेऊन तपासतात. आमच्याकडे ती सोय नाही. आहे ती दुर्बीण, भूल आणि प्रयोगशाळेचं बिल, आणि बापाचं रान दीड एकर.

“गव्हाचं काय न्हाई मॅडम, भाकरी हाय. दुधाचं तेवढं बघा की.”

डॉक्टर स्वतःची फी सोडायला तयार आहेत, बाकीचं बिल हॉस्पिटल सोडणार नाही. तालमीत वर्गणी काढायचं वस्तादांनी सुचवलं, बापानं ते मोडून काढलं. उसाचा पहिला हप्ता जमा झाला की दुर्बीण, असं ठरलं. ऊस कधीच गेलाय, हप्ता अजून आलेला नाही. तोवर तो घरच्या म्हशींच्या धारा काढतो, डेअरीत घालतो आणि स्वतः नारळाचं दूध पितो.